पीक ठरतो कसा?

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये ऑर्बिट्रॅप, म्हणजे रेणूंचं वस्तुमान अतिशय बारकाईने मोजणारं यंत्र, आला तो नायट्रोसामाइन या घातक अशुद्धींच्या कामासाठी. 2018 च्या जुलैमध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाइन सापडल्याचं जाहीर झालं, 2019 मध्ये रॅनिटिडिनवर संशय आला आणि 2020 मध्ये मेटफॉर्मिनची पाळी आली. माणसाच्या पोटात दिवसाला 96 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त एनडीएमए जाऊ नये, ही मर्यादा पाळायची तर औषधात दहा लाखांत एका भागाहूनही कमी मोजता आलं पाहिजे. बडोद्याच्या आजूबाजूला औषधांचे कारखाने भरपूर. काम येत राहिलं.

त्या कामात सॉफ्टवेअरचा फार विचार करावा लागत नाही. कोणता रेणू शोधायचा ते ठरलेलं, त्याचं वस्तुमान ठाऊक, तो कॉलममधून, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, कितव्या मिनिटाला बाहेर येतो तेही ठाऊक. यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर नेमकं तिथे बघतं, पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, आखतं आणि त्याचं क्षेत्रफळ देतं. पुढे एका ग्राहकाने एकाच औषधी घटकाचे दोन लॉट पाठवले. एक पांढराशुभ्र, दुसरा किंचित पिवळट. यूव्ही डिटेक्टरवर दोघांचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे कॉलममधून कोणत्या वेळी किती बाहेर आलं त्याचे आलेख, एकसारखे. फरक कशाचा आहे ते शोधून द्या, एवढंच पत्रात लिहिलेलं. माझे पणजोबा इथल्या कलाभवनात रंगकाम शिकले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत रंगांचं रसायनशास्त्र शिकवलं जायचं. त्यामुळे ती पिवळी झाक बघून मला हे काम स्वतःहून मागावंसं वाटलं. मॅडमनी दिलं.

काय शोधायचं ते माहीत नसताना शोधायचं, म्हणजे फाइलमध्ये जे जे आहे त्या सगळ्याची यादी करायची आणि दोन्ही लॉटच्या याद्या शेजारी ठेवायच्या. ही यादी सॉफ्टवेअर करतं. ते कसं करतं, याचा मी मुळापासून अभ्यास केला तो या निमित्ताने. यंत्राला रेणू ‘दिसत’ नाहीत. ऑर्बिट्रॅपमध्ये मधल्या चातीसारख्या इलेक्ट्रोडभोवती आयन फिरतात आणि तिच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे झुलतात. या झुलण्याची वारंवारता एम बाय झेडच्या, म्हणजे वस्तुमान भागिले विद्युतभाराच्या, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्या झुलण्यातून बाहेरच्या इलेक्ट्रोडमध्ये सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, त्यावर फूरिए रूपांतर केलं की वर्णपट मिळतो. म्हणजे आपण ज्याला कच्चा डेटा म्हणतो तोही गणित होऊनच आपल्यापर्यंत येतो. असे हजारो वर्णपट, म्हणजे स्कॅन, एका रनमध्ये, एकामागून एक. त्यातून पीक काढायचा तर निर्णय दोनदा घ्यावा लागतो: एकदा वस्तुमानाच्या दिशेने, एकदा वेळेच्या दिशेने. ही गोष्ट नीट कळली तेव्हा बाकीचं सगळं आपापल्या जागी बसायला लागलं.

वस्तुमानाच्या दिशेचा निर्णय म्हणजे सेंट्रॉइड. प्रोफाइल मोडमध्ये प्रत्येक आयन अनेक बिंदूंची छोटी घंटाकृती रेषा म्हणून साठवलेला असतो. सेंट्रॉइड करताना त्या घंटेच्या जागी एकच आकडा उरतो. फाइल लहान होते, पण दोन घंटा एकमेकींवर चढलेल्या असतील तर त्या माहितीचा तिथेच शेवट होतो. कंपनीच्या स्वरूपातली फाइल एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात बदलायला प्रोटिओविझार्डचं एमएसकन्व्हर्ट हे सॉफ्टवेअर वापरलं. त्यात एक बारकावा आहे. पीक पिकिंगचा फिल्टर यादीत सर्वांत वर ठेवला तरच यंत्र बनवणाऱ्या कंपनीची सेंट्रॉइडची पद्धत वापरली जाते. तो खाली गेला की एमएसकन्व्हर्ट स्वतःची पद्धत लावतं. मी दोन्ही तऱ्हांनी फाइल बदलून पाहिल्या. मोठ्या पीकांत फरक जाणवला नाही, लहानांत स्पष्ट जाणवला. शिवाय अतिशय प्रबळ आयनाच्या दोन्ही बाजूंना फूरिए रूपांतरामुळे बारीक खोटे पीक उमटू शकतात. मुख्य औषधाचा आयन आमच्या सॅम्पलमध्ये इतका प्रबळ होता, की त्याच्या आजूबाजूचं काहीही मी प्रोफाइलमध्ये पाहिल्याशिवाय खरं मानलं नाही.

खऱ्या लॉटला हात लावण्याआधी मला एक कसोटी हवी होती, जिचं उत्तर आधीच माहीत आहे. ती मेटफॉर्मिनच्या प्रकरणातूनच मिळाली. एनडीएमएचा प्रोटॉन लागलेला आयन 75.0553 वर येतो. डीएमएफ हे नेहमीच्या वापरातलं द्रावक, त्याचा आयन 74.0600 वर. वरकरणी दोघांचा संबंध नाही. पण डीएमएफमध्ये एक नायट्रोजन आहे, आणि निसर्गात दर हजार नायट्रोजन अणूंत साधारण चार अणू 15 वस्तुमानाचे असतात. तसा अणू असलेला डीएमएफ 75.0571 वर येतो. एनडीएमएपासून अंतर 0.0018, म्हणजे सुमारे 24 पीपीएम (दहा लाखांत 24 भाग). डीएमएफ भरपूर असेल आणि तो त्याच वेळी कॉलममधून बाहेर पडत असेल, तर त्याची ही सावली एनडीएमए म्हणून मोजली जाऊ शकते. एका खासगी लॅबचे मेटफॉर्मिनमधले आकडे चढे का आले, याचा शोध घेताना अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये हेच दाखवून दिलं. मला तो निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. गोळी बाजारातून काढायची की ठेवायची हे दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावर ठरत होतं, आणि साखरेच्या आजाराचे लाखो लोक ती गोळी रोज घेतात.

म्हणून मी मुद्दाम भरपूर डीएमएफ आणि अगदी थोडं एनडीएमए असलेलं मिश्रण केलं. ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधून जाणाऱ्या द्रावकांचं बदलतं प्रमाण, असा ठेवला, की दोघं जवळजवळ एकत्र बाहेर यावेत. यंत्राचं रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता, 70,000, पण ते 200 एम बाय झेडला. ऑर्बिट्रॅपमध्ये वस्तुमान कमी तसं रिझोल्यूशन वाढतं, त्यामुळे 75 च्या आसपास ते 1,14,000 च्या घरात जातं. तिथे पीकची रुंदी 0.0007 इतकीच राहते. प्रोफाइलमध्ये दोन घंटा स्वच्छ वेगळ्या दिसल्या. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

आता सॉफ्टवेअरची पाळी. मी सुरुवात एक्ससीएमएसने केली. हे 2006 पासूनचं, आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, मोफत आणि खुलं. त्यात 2008 मध्ये सेंटवेव्ह नावाची पद्धत आली, ती खास हाय रिझोल्यूशनच्या सेंट्रॉइड डेटासाठी. सेंटवेव्ह आधी असे पट्टे शोधतं, जिथे लागोपाठच्या स्कॅनमध्ये साधारण एकाच वस्तुमानाचे बिंदू सापडतात. ‘साधारण एकाच’ म्हणजे किती, हे पीपीएमच्या आकड्यावर ठरतं. आधीपासून भरून दिलेला आकडा 25 आहे. आणि एनडीएमए आणि त्या सावलीतलं अंतर 24! माझ्या मिश्रणात दोन्ही आयन एकाच पट्ट्यात गेले आणि यादीत एकच पीक आला, वस्तुमान दोघांच्या मध्ये कुठेतरी. आकडा 5 केला तेव्हा दोन वेगळे पीक आले, दोन्ही आपापल्या जागी.

इथे एक समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. हा पीपीएम म्हणजे यंत्राची अचूकता नव्हे. एकाच आयनाचं वस्तुमान एका स्कॅनमधून पुढच्या स्कॅनमध्ये किती हलतं, त्याची ही सीमा आहे. पीकच्या माथ्यावर ते फार कमी हलतं. दोन्ही पायथ्यांशी, जिथे आयन थोडे असतात, तिथे जास्त. मी कॅफिनचा 195.0877 चा आयन घेऊन प्रत्येक स्कॅनमधलं त्याचं वस्तुमान कागदावर मांडलं आणि त्यावरून आमच्या यंत्रासाठी आकडा ठरवला. दुसऱ्या लॅबने तसाच्या तसा उचलू नये. टाइम ऑफ फ्लाइट या दुसऱ्या प्रकारचं यंत्र असेल तर तो वेगळाच येईल.

वेळेच्या दिशेचा निर्णय मला जास्त कठीण गेला, कारण तिथे सेंटवेव्ह वेव्हलेट वापरतं आणि माझं गणित बीएस्सीपर्यंतचं. माझी मावसबहीण संख्याशास्त्र शिकवते. एका रविवारी लॅपटॉप घेऊन दांडिया बाजारात तिच्या घरी गेले.

“ताई, हे मेक्सिकन हॅट वेव्हलेट म्हणजे काय करतात नेमकं?”

“अगं, कासाराकडे बांगड्या भरताना तो माप बघत बघत जातो ना, ही घट्ट, ही सैल, ही बरोबर? तसंच. एक ठरावीक आकाराची लहर, तिच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती. प्रत्येक प्रत क्रोमॅटोग्रामवरून सरकवत न्यायची. जी जिथे सर्वांत चांगली बसेल, तिथे तेवढ्या रुंदीचा पीक. तू त्याला कुठल्या कुठल्या रुंदी दिल्या आहेत?”

“त्यात 20 ते 50 सेकंद भरूनच येतात.”

“आणि तुझे पीक किती रुंद असतात?”

तिथल्या तिथे क्रोमॅटोग्राम उघडून मोजलं. आमचा कॉलम बारीक कणांचा, यूएचपीएलसी या जलद पद्धतीचा. पाच-सहा सेकंदांत पीक येऊन जातो. ताईने पुढे काही सांगायची गरजच उरली नाही. 20 सेकंद ही किमान रुंदी धरली, की मोजक्याच स्कॅनमध्ये दिसणारा आयन पुढच्या हिशेबात घेतलाच जात नाही, आणि जवळजवळचे दोन अरुंद पीक एकात जाऊ शकतात. जुन्या, सावकाश चालणाऱ्या एचपीएलसीच्या काळात तो आकडा अगदी योग्य होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी रुंदी आपापल्या डेटावरून ठरवा असं स्पष्ट सांगूनही ठेवलं आहे. ती मोजायला पाच मिनिटं लागतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने यादी काढण्याआधी ती पाच मिनिटं द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

याच्या जोडीला स्कॅनचा वेगही बघावा लागतो. आमच्या यंत्रावर 70,000 रिझोल्यूशनला सेकंदाला साधारण 3 स्कॅन मिळतात, 140,000 ला त्याच्या निम्मे. सहा सेकंदांच्या पीकवर पहिल्या बाबतीत अठरा बिंदू, दुसऱ्या बाबतीत नऊ. त्यात मधे मधे फ्रॅगमेंटेशनचे, म्हणजे रेणू तोडून तुकडे मोजण्याचे, स्कॅन घातले तर आणखी कमी. चार-पाच बिंदूंतून कोणत्याही गणिताला पीकचा आकार नीट कळत नाही. वस्तुमानाच्या दिशेने जितकं बारीक बघावं तितकं वेळेच्या दिशेने हातातून जातं. आम्ही 70,000 वर थांबलो.

सिग्नल टू नॉइजबद्दल, म्हणजे पीक आजूबाजूच्या थरथरीच्या किती पट उंच आहे याबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे औषध क्षेत्रात सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ असतो: 3 म्हणजे दिसलं, 10 म्हणजे मोजता आलं. सेंटवेव्हमध्येही 10 भरून येतो, त्यामुळे विश्वास बसतो. पण ऑर्बिट्रॅपच्या डेटात खालचा बराचसा नॉइज फाइल लिहिण्याआधीच कापलेला असतो. एखाद्या आयनाचा क्रोमॅटोग्राम काढला तर पीकच्या दोन्ही बाजूंना बारीक थरथर दिसायला हवी, तिथे सपाट शून्य दिसतं. आता त्या शून्याने भागायचं कशाला? आजूबाजूला नॉइजच शिल्लक नसेल तर गुणोत्तर अवाच्या सवा मोठं येतं आणि क्षुल्लक उंचवटाही परीक्षा पास होतो. त्यामुळे या डेटात ती चाळणी नावापुरती उरते. प्रत्यक्षात उपयोगी पडलं ते प्रीफिल्टर: किमान इतक्या स्कॅनमध्ये इतकी तीव्रता असेल तरच पट्टा ठेव. तिथेही 3 स्कॅन आणि 100 तीव्रता असं भरलेलं येतं. आमच्या यंत्राच्या तीव्रता लाखांत आणि कोटींत असतात, तिथे 100 ने काहीच अडत नाही. नुसत्या द्रावकाचे ब्लँक चालवून, त्यातली तुरळक टोकं किती उंच जातात ते बघून मी तो आकडा ठरवला.

एवढं झाल्यावर दोन लॉट, प्रत्येकाचे अनेक रन, मधे मधे ब्लँक, आणि सगळ्या सॅम्पलचा थोडा थोडा भाग एकत्र करून केलेलं मिश्रण अधूनमधून, असा क्रम लावला. उत्तरायणाच्या सुट्टीत यंत्र चालू राहिलं. गच्चीवर पतंग उडवताना माझं लक्ष फोनवर होतं हे घरच्यांनी समजून घेतलं.

यादी आली ती काही हजार ओळींची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की औषधात हजारो अशुद्धी आहेत. खरं तर बहुतेक ओळी मुख्य औषधाच्याच असतात. प्रोटॉनऐवजी सोडियम लागला तर तोच रेणू 21.9819 ने वर दिसतो. दोन रेणू एका प्रोटॉनला धरून बसले की आणखी एक ओळ. आयन बनवणाऱ्या स्रोतातच तुकडा पडला की आणखी एक. प्रत्येकाच्या मागे कार्बन 13 चा जोडीदार 1.00335 अंतरावर. त्यानंतर पार्श्वभूमीची मंडळी: 391.2843 म्हणजे प्लॅस्टिकमधलं थॅलेट, 445.1200 म्हणजे हवेतून येणारं सिलोक्सेन. सिलोक्सेन तर रनच्या पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत असतं, आणि त्याच्या लांबलचक पट्ट्यात जिथे जरासा चढउतार येईल तिथे सॉफ्टवेअर पीक लावून देतं. ब्लँकमध्ये जे आहे ते वजा केलं, समस्थानिक आणि सोडियमवाले गटांत बांधले, तेव्हा यादी माणसाला वाचण्याजोगी झाली.

तोच डेटा मी एमझेडमाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही घातला. त्यात खिडक्या उघडून, बटणं दाबून काम होतं, आणि प्रत्येक पायरीवर चित्र समोर दिसतं. आर न येणाऱ्या सहकाऱ्याला मी आधी तेच सुचवीन. मोठ्या पीकांवर दोन्ही सॉफ्टवेअरचं एकमत होतं. लहानांवर नव्हतं. काही पीक फक्त एकाला सापडले होते, काही फक्त दुसऱ्याला. आमच्या एका वरिष्ठांचं मत पडलं की दोघांना सापडलेलेच तेवढे घ्यावेत. ते मत मला पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. दोघांपैकी एकालाच सापडलेला पीक म्हणजे सीमेवरचा पीक. आम्ही शोधत होतो ती अशुद्धी अल्प प्रमाणातली, म्हणजे ती असली तर त्याच सीमेवर असणार. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग त्या वादग्रस्त पीकांचे क्रोमॅटोग्राम आम्ही दोघांनी शेजारी बसून एकेक करून पाहिले. बराच वेळ गेला. कुठे दोनच बिंदूंचं टोक, कुठे दुसऱ्या आयनाची कड, कुठे मात्र सुरेख चढणारा आणि उतरणारा, सगळ्या रनमध्ये त्याच वेळेला येणारा खरा पीक.

पिवळ्या लॉटमधला फरक तिथेच मिळाला. मुख्य पीकच्या शेपटीला लागून, पाच सेकंदांचा. पांढऱ्या लॉटमध्ये त्याची जागा रिकामी. त्याच्या वर 1.9970 अंतरावर त्याचा जोडीदार, उंचीने साधारण एक तृतीयांश, आणि दोघांचा माथा एकाच स्कॅनमध्ये. हे लक्षण क्लोरीनचं: 35 आणि 37 वस्तुमानाचे अणू निसर्गात तीनास एक असे असतात. औषधाच्या रेणूत क्लोरीन नव्हता. ग्राहकाच्या प्रक्रियेत मात्र एका सुरुवातीच्या घटकात होता. अचूक वस्तुमानावरून सूत्र लावलं, ग्राहकाच्या रसायनतज्ज्ञांनी त्यावरून रचना सुचवली, त्यांनी तो पदार्थ बनवून पाठवला, आणि आमच्या कॉलमवर तो त्याच वेळेला, त्याच तुकड्यांसह बाहेर आला.

अहवाल लिहिताना मॅडमनी एक सीमा स्पष्ट ठेवली, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. ही खुली सॉफ्टवेअर शोधासाठी वापरायची. अशुद्धीचं प्रमाण किती, हा आकडा मात्र ऑडिट ट्रेल असलेल्या, आमच्याकडे व्हॅलिडेट झालेल्या सॉफ्टवेअरमधूनच द्यायचा. औषधाच्या कामात आकड्यामागे कोण होतं आणि त्याने काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे. शोधाच्या भागासाठीही आम्ही नियम केला: पीपीएम, पीकची रुंदी, प्रीफिल्टर हे तिन्ही आकडे कोणत्या मोजणीवरून घेतले ते लिहायचं, सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहायची, आणि निष्कर्ष ज्या पीकवर उभा आहे त्याचा मूळ क्रोमॅटोग्राम प्रोफाइलमधल्या वर्णपटासह जोडायचा. डीएमएफ आणि एनडीएमएचं ते मिश्रण आता फ्रीजमध्ये कायम असतं. सेटिंग बदलली किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली, की आधी ते चालवायचं आणि यादीत दोन पीक येतात का ते बघायचं.